वसंता, वर ताडपत्री होती

वसंता, तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. शाळेचा हॉल भरला होता. जी माणसं पाठीमागे तुला 'गवतवालो मास्तर' म्हणायची, तीच माइक धरून डोळे पुसत होती. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. "बाबी, तू बोल. बिगरीपासूनचो दोस्त तू त्याचो." मी उठलो, हार घातलेल्या फोटोकडे बघितलं आणि तसाच खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. आलाच होता रे, खोटं कशाला बोलू? पण गळ्यात अडकलेलं वाक्य वेगळंच होतं. त्या दिवशी वर ताडपत्री होती, एवढंच ते वाक्य. तिथे बोलून काय उपयोग? ऐकायला हवा होतास तू, आणि तू भिंतीवर.

मी स्लॅब घालणारा माणूस. कोटेशनपलीकडे आयुष्यात काही लिहिलं नाही. तेव्हा चुका काढू नकोस, लाल पेन खिशातच ठेव.

भांडण कुठे सुरू झालं आठवतं? जेटीवरच्या चहाच्या टपरीत. आपल्या पेठेत पाणी भरायला लागून चार-पाच पावसाळे झाले होते. दुकानदार फळ्यांवर माल चढवून बसायचे. मी तावातावाने सांगत होतो की गटारं साफ होत नाहीत, प्लास्टिक अडकतं, अमकं करायला हवं आणि तमकं करायला हवं. तू बशीत चहा ओतलास, फुंकर मारलीस आणि शांतपणे म्हणालास, "बाबी, पाणी तू हाडलंस."

"मियां? माझ्या बापसान तरी हाडलेला काय पाणी?"

"पेठेत किती खळ्यांवर सिमेंट घातलंस तां मोज. मगे बोल."

पाणी म्हणे मी आणलं! मी चहा अर्धा टाकून निघून गेलो. महिनाभर तुझ्या घराची पायरी चढलो नाही. काय समजतो स्वतःला हा? फळ्यावर खडू घासणारा माणूस मला बांधकाम शिकवतो! पण एका रविवारी छत्री घेऊन पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो आणि मोजलं. घरांपुढची खळी मोजली, मागली अंगणं मोजली, समुद्राला मिळणाऱ्या व्हाळाच्या दोन्ही काठांवर रेटून बांधलेली दुकानं मोजली. शेणाने सारवलेली खळी होती तिथे आता गुळगुळीत कोबा. आधी पाणी मुरायचं, आता घसरून रस्त्यावर. दहातली सात कामं माझी निघाली, वसंता. तुझ्या दारात येऊन उभा राहिलो तेव्हा तू 'बघ, मी सांगितलं नव्हतं?' असं म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर बरं झालं असतं, परत भांडून घरी गेलो असतो. तू फक्त म्हणालास, "खालची जमीन तू घेतलंस मा? मगे ती वर ठेव. स्लॅबावर."

मला आधी वाटलं, निवृत्त झाल्यावर मास्तरचं डोकं फिरलं. स्लॅबावर माती, मातीवर गवत! आपल्याकडे घर बांधून होतं न होतं तोच माणूस त्यावर पत्र्याची शेड चढवतो, का, तर स्लॅबाला पाऊस लागू नये. आणि हा म्हणतो वर शेत कर. पण तू समजावलंस, आठवीच्या वर्गाला समजवावं तसं. पाऊस पडतो तेव्हा सगळी छपरं एकदम पाणी सोडतात. ते धावत व्हाळात जातं. नेमकी त्याच वेळी भरती असली तर समुद्र व्हाळाचं तोंड बंद करतो, पाणी मागे फिरतं आणि पेठेत चढतं. "आपल्याक पाणी अडवूचा नाय रे," तू बोट आपटून म्हणालास, "उशीर करूचो आसा. सुकती लागापर्यंत. दोन तास मातीन पाणी धरून ठेवल्यान तर पेठ सुकी." ओहोटी लागेपर्यंत दोन तास! मला ते एकदम पटलं. आयुष्यभर लोकांना 'दोन दिवसांत येतो' सांगून दोन महिने लावणारा माणूस मी. उशीर करायचं काम मला जमण्यासारखं होतं.

मग गेल्या वर्षी मेमध्ये माझ्याच घराचा स्लॅब धरला. मधोमध विटांचा एक थर लावून दोन सारखे भाग केले. एक भाग उघडा ठेवला. दुसऱ्यावर प्लास्टिकचा जाड कागद, त्यावर नारळाची केसाळ सोडणं उपडी मांडून, त्यावर वीतभर माती. माती कुठली यावरही भांडलो. मी म्हणत होतो कुळागरातली, माडा-पोफळीखालची काळी आणू. तू म्हणालास, "सड्यावरची हाड. कातळावर वीतभर मातीत जां जगता, तां तुझ्या स्लॅबावर पण जगात." टेम्पो घेऊन सड्यावर गेलो, सुकलेल्या गवतासकट मातीचे तुकडे कापून आणले. तू वर चढून स्वतःच्या हाताने ते एकाला एक जोडत होतास, मध्येच थांबून छातीवर हात ठेवत होतास, आणि मी तुला शिव्या घालत होतो. आमची शालन खालून ओरडली, "अवो, घरावर शेत करतात काय कोण? माणसां हसतली!" तू वरूनच उत्तर दिलंस, "हसांदेत गो वैनी, आधी पाय सुके रवांदेत!" ते तुझं त्या शिडीवरचं शेवटचं चढणं. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरने तुला जिने बंद केले. त्यानंतर स्लॅबावरचे तुझे डोळे म्हणजे मी.

मागल्या दारी दोन ड्रम. उघड्या भागाचा पाइप एकात, मातीचा दुसऱ्यात. तू ताडाच्या छत्रीसारखी ती तुझी मोठी काळी छत्री घेऊन स्टुलावर बसायचास, मनगटावर घड्याळ, मांडीवर वही, वही भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत. मृगातल्या पहिल्या मोठ्या सरीला उघड्या भागाचा ड्रम आपला चहा संपायच्या आत काठोकाठ भरला. मातीच्या पाइपाला थेंब नाही. तू बघत राहिलास. शालनने जेवायला हाक मारली, जेवून आलो, तरी अर्धा ड्रम. आणि जे पाणी आलं ते तांबूस, कोऱ्या चहासारखं. मी म्हटलं, "घाण पाणी येता." तू ओंजळीत घेऊन हसलास. "घाण नाय रे. मातीतसून इलला. ह्या पाण्याचो रंग म्हणजे मातीची सही." त्या दिवशी तू इतका आनंदलास की मला तुझी भीती वाटली. घरी जाताना पेठेत प्रत्येकाला थांबवून सांगत सुटलास. नगरपरिषदेत अर्ज द्यायचं ठरलं. नव्या घरांना हे करायला सांगा, जुन्यांना मदत करा, असा तुझा प्रस्ताव. तू म्हणायचास, पण एक उधाणाच्या भरतीतला पाऊस मोजून झाला की मगच जायचं. अर्धं माप घेऊन मी कुणासमोर उभा राहणार नाही.

इथपर्यंत लिहायला सोपं गेलं.

आषाढातली गोष्ट. अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारी कणकवलीकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. मोठं दुमजली घर, स्लॅब मलाच द्यायचा म्हणत होते. पुढच्या खोलीत बसलो होतो. शालनने चहा आणला. ते म्हणाले, "बाबीशेठ, तुमचो स्लॅब गळणा नाय, असा ऐकलां." मी म्हटलं, "तीस वर्सांत एक दाखवा." आणि त्यांच्या बशीत वरून थेंब पडला. टप्प. आम्ही दोघांनी वर बघितलं. मग दुसरा. त्यांनी बशी हळूच बाजूला सरकवली आणि हवेवर बोलायला लागले. पाइपाच्या कोपऱ्यात माझंच काम कच्चं राहिलं होतं, वर माती नसती तर कधी कळलंही नसतं. ते गृहस्थ गेले ते परत आले नाहीत, ते सोड. पण त्या वेळी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्यावर राग, मातीवर राग. ते छत्री उघडतायत तोवर मी माळ्यावरची निळी ताडपत्री ओढली, शिडी चढलो आणि अख्ख्या हिरव्या भागावर टाकून कडेने चिरे ठेवले. आपल्याकडची खोडच ती. पावसात लाकडं झाका, शेणी झाका, स्कूटर झाका. मी पाऊस मोजायला केलेलं छप्परच पावसापासून झाकून टाकलं. म्हटलं दोन दिवसांनी उघडीप मिळाली की कोपरा दुरुस्त करीन, वसंताला पत्तासुद्धा लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ फाटलं. अमावास्येची भरती आणि वर तो पाऊस. तू ज्याची वाट बघत होतास तोच. तू येशील असं वाटलं नव्हतं, एवढ्या पाण्यातून कोण येतो? पण गुडघाभर पाण्यातून छत्री सावरत, धापा टाकत आलास. स्टुलावर बसलास. घड्याळ लावलंस. दोन्ही ड्रम एकाच वेळी भरत गेले, एकाच वेळी वाहायला लागले. तू रिकामे करायला लावलेस, परत भरले, बरोबरीने. तू मान वर करून विचारलंस, "बाबी, वर सगळा ठीक आसा मा?"

मी दारात उभा होतो. एक शब्द पुरला असता. पण तीस वर्षांत एक दाखवा म्हणणारा मी, तो तुला काय म्हणणार होतो? माझा स्लॅब गळतो म्हणून?

"ठीक आसा," मी म्हटलं.

तू ड्रमात हात घातलास, पाणी ओंजळीत घेतलंस, बघितलंस, सोडून दिलंस. वहीत काहीतरी लिहिलंस, वही पिशवीत घातलीस आणि म्हणालास, "बरा. मी येतंय." तोवर आपल्या पेठेत पाणी फळीला लागलं होतं. तुला सोडायला मी आलो नाही. तू कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिलो आणि मग वर जाऊन ताडपत्री काढली. बघ, किती वक्तशीर माणूस मी.

पुढच्या आठवड्यात नगरपरिषदेच्या सभेत तुझा विषय होता. मी मागच्या बाकावर होतो. वाटलं होतं, तू म्हणशील की हिरव्या छपराचा मोठ्या पावसात उपयोग नाही. तू तसं म्हणाला नाहीस. उभा राहिलास, चष्मा पुसलास आणि म्हणालास, "माझ्या मोजमापात चूक राहिली आहे. ती सुधारल्याशिवाय हा प्रस्ताव मांडणं बरोबर नाही. मी तो मागे घेतो." कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणी म्हणालं, मास्तर, आता तरी नातवंडां सांभाळा. अध्यक्षसाहेबांनी चांगल्या शब्दांत आभार मानले आणि पुढचा विषय घेतला. मला वाटलं, हरल्याची लाज झाकायला तू आपल्या मापाला दोष देतोयस. मला तुझी कीव आली. मला, तुझी!

त्यानंतर तू ड्रमांकडे फिरकला नाहीस. उरलेला पावसाळा तसाच गेला. दिवाळीत मी गुपचूप कोपऱ्याची माती काढून गळती बंद केली आणि माती होती तशी लावली. तुला म्हटलं, "पुढच्या पावसात परत मोजूया." तू म्हणालास, "आधी ह्या वर्साचा समाजलां पायजे." दर थोड्या दिवसांनी, कधी जेटीवर, कधी कुणकेश्वराच्या जत्रेत दर्शनाच्या रांगेत उभे असताना, मध्येच विचारायचास, "बाबी, काय सांगूचा आसा काय तुका?" मी म्हणायचो, "माका खंयचा काय सांगूचा?" मला वाटायचं, म्हातारपणाची सवय लागली आहे. घरी आलो की ठरवायचो, उद्या सांगतो. उद्या जायचो तर तू कुणाच्या तरी मुलाला गणित शिकवत बसलेला, किंवा वहिनी भाकरी वाढत असायच्या, किंवा नुसताच तू इतका बरा दिसायचास की तो दिवस खराब करवत नव्हता. कारणं काय, शोधली की सापडतात.

कुडाळच्या हॉस्पिटलात शेवटचा भेटलो तेव्हा तुझ्या नाकात नळी होती. तू बोटाने जवळ बोलावलंस. "सांगूचा आसा काय?" मी तुझा हात धरला आणि म्हटलं, "आधी तू बरो हो. मगे सगळा बोलू." तू डोळे मिटलेस. बाराव्याला वहिनींनी तुझ्या आवडीचं सोलकढीचं भांडं माझ्यापुढे ठेवलं आणि माझ्या हातून ते उचलेना.

तुझ्या बाराव्यानंतर चारच दिवसांनी अमावास्या आली. पाऊस तोच, भरती तीच. मी एकटा बसलो तुझ्या स्टुलावर. ताडपत्री माळ्यावर होती, आधी तीनदा जाऊन खात्री केली. पेठेत पाणी चढायला लागलं. उघड्या भागाचा ड्रम भरला. मी घड्याळाकडे बघत बसलो. देवाशप्पथ सांगतो, आयुष्यात कुठल्या स्लॅबासाठी इतकी प्रार्थना केली नाही. मातीचा ड्रम त्यानंतर अकरा मिनिटांनी भरला.

अकरा मिनिटं, वसंता. दोन तास नाहीत. महिनाभराच्या पावसाने माती आधीच तुडुंब झाली होती, ती आणखी काय धरणार? सुकती लागायला अजून बराच अवकाश होता. पाणी माझ्या तिसऱ्या पायरीला आलं, गेल्या वर्षी आलं होतं तिथेच. समोरच्या किराणावाल्याची पोती यंदाही भिजली. म्हणजे ताडपत्री नसती तरी पेठ बुडणारच होती. मला वाटलं होतं, हे कळलं की हलकं वाटेल. डोंबल हलकं! तू असतास तर म्हणाला असतास, अकरा मिनटां ही अकरा मिनटां, सगळ्या पेठेच्या छपरांवर कर, माती दोन विती कर. आणि मी म्हटलं असतं, ओल्या दोन विती मातीचं ओझं कुठलाच जुना स्लॅब सोसणार नाही, आधी माणसं मरतील. तू म्हणाला असतास, मग सोडणांचा थर वाढव. आपण भांडलो असतो. पुढचा पावसाळा, त्याच्या पुढचा. तेवढंच तर हवं होतं. कदाचित त्यातून काही निघालं असतं, कदाचित नसतं. आता निघणार नाही. मला एकट्याला काही सुचत नाही. पेठेत कुणी विचारतही नाही. दोन घरांवर गेल्या महिन्यात नव्या शेडी चढल्या.

तरी माप घेतलंच होतं, म्हटलं वहीत चढवावं. काल सकाळी तुझ्या घरी गेलो. वहिनींनी कपाटातून वही काढून दिली, अजून त्या दुधाच्या पिशवीत. चष्मा लावून पानं उलटली. मृगाची नोंद: 'मातीकडील पाणी उशिरा. तांबूस.' त्यानंतरची: 'तांबूस.' त्यानंतरची, 'तांबूस, थोडे फिके.' यंदा अमावास्येला माझ्या ड्रमात आलं होतं तेही तसंच. मग आषाढ अमावास्येचं पान. दोन्ही ड्रमांच्या वेळा तुझ्या सरळ अक्षरात, आणि खाली एकच ओळ.

'पाणी दोन्हीकडे स्वच्छ.'

तुला तिथेच कळलं होतं, स्टुलावर, ओंजळीत पाणी घेतलंस तेव्हाच. मातीतून न गेलेलं पाणी. तू सभेत माझं नाव घेतलं नाहीस, खोटंही बोलला नाहीस. चूक स्वतःवर घेऊन बसलास. त्या ओळीपुढे चार बोटं जागा रिकामी सोडली होतीस. तू नोंदींमध्ये कधी रिकामी जागा सोडत नव्हतास, कागद वाया जातो म्हणून पोरांना ओरडायचास. वर्षभर जे विचारत होतास ते म्हातारपण नव्हतं. हॉस्पिटलात नळी नाकात घेऊनही तेच विचारलंस, आणि मी म्हटलं, आधी बरो हो.

वहिनींनी विचारलं, "काय झाला? पाणी देऊ?"

मी म्हटलं, "नको. पेन दिया जरा."

त्यांनी तुझ्या खिशातलं लाल पेनच आणून दिलं. रिकाम्या जागेत लिहिलं: 'वर ताडपत्री होती. मी घातली. स्लॅब गळत होता. – बाबी.' अक्षर वाकडं आलं. वही मिटून पिशवीत घातली आणि वहिनींच्या हातात दिली. त्यांनी ती कपाटात तुझ्या चष्म्याशेजारी ठेवली.